काळ्या मातीचे गणित

आपल्या जुन्या ग्रामव्यवहारात जमिनीचे दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळीत शेती, पांढरीत वस्ती. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यामागील कारण मात्र शास्त्राला विसाव्या शतकात उमगले.

१९३३ साली हॉफमान, एंडेल व विल्म या जर्मन संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने माँटमोरिलोनाइट या खनिजाची रचना मांडली. काळ्या मातीची फुगण्याची शक्ती मुख्यतः या वर्गातील खनिजांत असते. त्यांचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. मध्ये पाणी शिरले, की पाने दूर सरतात आणि वरच्या घराच्या भिंतींना तडे जातात.

ओल्या मातीवरील भार काही अंशी कण आणि काही अंशी पाणी पेलते, हे तत्त्व टेर्झागी यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. पण ते गणित पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीचे. काळी जमीन तर बहुधा अर्धवट ओली. म्हणून आपल्या अभियंत्यांनी प्रथम उपाय शोधले. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर बुंधा असलेले खांब पुढे आणले. ते ओलावा फारसा न बदलणाऱ्या खोलीवर टेकतात. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची रीत सिद्ध केली.

अर्धवट ओल्या मातीतील शोषण आणि भार यांना एका सूत्रात गुंफणारे प्रतिमान बार्सिलोनाच्या आलोन्सो, जेन्स व होसा यांनी १९९० साली प्रसिद्ध केले. पुढे त्यात उष्णतेची भर पडली. तिचे निमित्त गंभीर होते: अणुभट्टीतील तप्त टाकाऊ इंधन खोल खडकात पुरावयाचे, तर त्याभोवती फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीचे वेष्टन असावे, असा विचार पुढे आला होता. उष्णतेने आतली माती सुकते, वाफ बाहेर सरते. खडकातील पाण्याने बाहेरची माती फुगते आणि आतलीला दाबते. यांपैकी एकाचा हिशेब दुसऱ्यावाचून होत नाही.

स्वित्झर्लंडमधील ग्रिमझेल येथे १९९७ पासून २०१५ पर्यंत अशी माती शंभर अंशांच्या हीटरभोवती ठेवून पाहिली. ठोकळ्यांमधल्या फटी फुगलेल्या मातीने बुजल्या. परंतु अठरा वर्षांनंतरही हीटरलगतची माती बाहेरच्या मातीहून कोरडीच होती.

प्रयोग अठरा वर्षांचा, आणि विश्वास ठेवावयाचा हजारो वर्षांसाठी. हे अंतर प्रतिमानानेच भरून काढावे लागते. त्याचे आकडे चुकले, तर त्याचे फळ आपण नव्हे, फार पुढच्या पिढ्या भोगतील.