पर्समधली वीज

१ नोव्हेंबर २००७ च्या रात्री बावीस वर्षांची एक तरुणी हिंजवडीतील बीपीओत रात्रपाळीसाठी निघाली. कंपनीने ठरवून दिलेली गाडी तिला न्यायला आली होती. ती कामावर पोहोचलीच नाही. चालक आणि त्याच्या साथीदाराने गाडी गहुंजेकडे वळवली. तेथे तिच्यावर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. पुढे दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, खराडीतून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता स्त्रीला गाडीत घेऊन असेच पळवण्यात आले आणि तिचा मृतदेह खेड तालुक्यात सापडला. चाकण याच तालुक्यातले. दोघींची नावे त्या काळात सर्वांच्या तोंडी होती; ती येथे पुन्हा लिहिण्याचे कारण नाही.

या दोन घटनांनी पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, चाकण या पट्ट्यातील नोकरदार स्त्रियांच्या पर्समध्ये काय असावे, याविषयीची चर्चा सुरू केली. मिरचीचा फवारा आधीपासून होता. त्याच्या जोडीला विजेचा झटका देणारी, टॉर्चसारखी दिसणारी काळी स्टन गन आली. माझ्या वर्गातील मुलींकडेही ती मी पाहिली आहे. अंगावर इंग्रजीत ‘पोलीस’ असे छापलेले आणि खोक्यावर काही लाख व्होल्टचा दावा. या वस्तूचा इतिहास बारकाईने पाहिला तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. ती मुळात दुर्बलांसाठी बनलेलीच नव्हती.

विजेने स्नायू आखडतो हे लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोगांतून १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. पण या ज्ञानाचा शस्त्र म्हणून पहिला व्यवस्थित उपयोग गुराख्यांनी केला. १८९० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, विचिटा येथील जॉन बर्टन यांनी गुरे हाकण्याच्या विजेच्या काठीचे पेटंट घेतले. जनावराला बोचणारी ही काठी माणसाला बोचवायला फार काळ लागला नाही. १९६३ मध्ये अलाबामा राज्यात नागरी हक्कांसाठी शांतपणे चालणाऱ्या कृष्णवर्णीय निदर्शकांवर पोलिसांनी हीच काठी चालवली. अर्जेंटिनाच्या पोलीस कोठड्यांत तर तिचे भाऊबंद त्याआधीच रुजले होते. मागे खूण न ठेवता वेदना देता येते, हा या साधनाचा गुण कोणाच्या सोयीचा, हे वेगळे सांगायला नको.

टेझरची कहाणी थोडी निराळी. जॅक कव्हर या भौतिकशास्त्रज्ञाला विमान-अपहरणांच्या काळात असे शस्त्र हवे होते, की ज्याने माणूस मरणार नाही आणि विमानालाही भोक पडणार नाही. १९७४ च्या सुमारास त्याचे उपकरण तयार झाले. नाव त्याने लहानपणी वाचलेल्या टॉम स्विफ्ट या साहसी नायकाच्या १९११ मधील विद्युत-बंदुकीच्या कादंबरीवरून घेतले. गंमत अशी, की त्या पहिल्या टेझरमधून तारांना जोडलेले आकडे फेकण्यासाठी बंदुकीची दारू वापरली होती, म्हणून अमेरिकी सरकारने त्याची गणना अग्निशस्त्रांत केली आणि धंदा बसला. १९९३ मध्ये स्मिथ बंधूंनी दारूऐवजी दाबाखालील नायट्रोजन वापरून ती अडचण दूर केली. त्यानंतर हे शस्त्र जगभरच्या पोलिसांकडे गेले.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण विक्रेते तो मुद्दाम पुसतात. टेझर दोन आकडे दुरून फेकतो. ते शरीरावर एकमेकांपासून लांब रुततात आणि मधल्या मोठ्या स्नायूंतून विजेचे ठोके जातात. सेकंदाला सुमारे १९ ठोके. मेंदूने स्नायूंना दिलेले आदेश या गोंधळात हरवतात आणि माणूस इच्छा असूनही उभा राहू शकत नाही. पर्समधली स्टन गन अशी नसते. तिची दोन टोके जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर असतात. वीज त्या दोन टोकांमधील त्वचेच्या पट्ट्यातून जाते आणि परतते. तेथे तीव्र वेदना होते, पण शरीराचा ताबा सुटतोच असे नाही. म्हणजे हे शस्त्र समोरच्याला थांबवत नाही. थांबण्याची इच्छा त्याच्या मनात निर्माण करू पाहते. दारू प्यायलेल्या, संतापलेल्या किंवा जाड जॅकेट घातलेल्या माणसाच्या मनात ती निर्माण होईलच याची हमी कोण देणार? शिवाय टोके काही सेकंद अंगाला टेकवून धरावी लागतात, आणि झटका बसलेला माणूस पहिल्या क्षणीच दूर सरकतो.

आता त्या लाखो व्होल्टविषयी. कोरडी हवा साधारणपणे प्रत्येक सेंटिमीटरला ३०,००० व्होल्ट एवढ्या दाबाला फुटते आणि ठिणगी पडते. टोकांमध्ये तीन सेंटिमीटर अंतर असेल तर जास्तीत जास्त नव्वद हजारांच्या आसपास हवाच वाट मोकळी करून देते. टोके अणकुचीदार असली तर त्याहून कमी. खोक्यावरचे पन्नास लाख व्होल्ट म्हणजे शाळेतील पदार्थविज्ञानाशीही विसंगत असा आकडा. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर चेन्नईजवळच्या एस. आर. एम. विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी झटका देणारे अंतर्वस्त्र तयार केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ३,८०० किलोव्होल्टचा आकडा कौतुकाने छापला. विद्यार्थ्यांच्या कळकळीविषयी शंका नाही. छापणाऱ्यांनी एक भागाकार करायला हवा होता. इजा व्होल्टवर नव्हे, तर प्रत्येक ठोक्यातून किती विद्युतभार शरीरात जातो आणि तो कोणत्या मार्गाने जातो, यावर ठरते.

सुरक्षिततेच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. हल्लेखोराने आपला हात धरला असताना झटका दिला तर तो आपल्यालाही बसेल, ही भीती बहुतांशी निराधार आहे. वीज दोन टोकांमध्येच फिरते. पण उपकरण हिसकावले गेले तर ते आपल्यावर चालते, हे मात्र खरे. काही नमुन्यांत मनगटाच्या दोरीला खटका असतो, तो निघाला की यंत्र बंद पडते. घ्यायचेच असेल तर तसे घ्यावे. ज्याला झटका बसतो त्याच्या बाबतीत, अमेरिकेच्या न्याय विभागाच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये असा निष्कर्ष काढला, की निरोगी प्रौढाला अल्पकाळ झटका दिल्यास गंभीर धोका असल्याचा निर्णायक पुरावा नाही. त्याच सुमारास ॲम्नेस्टीने २००१ पासून टेझरच्या वापरानंतर झालेल्या मृत्यूंची मोजदाद पाचशेवर नेली होती, आणि खुद्द टेझर कंपनीने २००९ मध्येच छातीवर नेम धरू नये असे प्रशिक्षकांना कळवले होते. ‘निरोगी’ आणि ‘अल्पकाळ’ या दोन शब्दांत सारे आले. आपल्या पट्ट्यापुरती एक भर घालतो: ठिणगी ही शेवटी ठिणगी असते. रंगकामाचे शेड, सॉल्व्हंटची पिंपे, पेट्रोल पंप यांच्या आसपास ती पाडणे म्हणजे वेगळेच संकट. मद्यार्क असलेला मिरचीचा फवारा मारून त्यावर झटका दिल्यास कपडे पेट घेऊ शकतात.

कायदा या बाबतीत उदार आहे आणि कोड्यातही टाकतो. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. बलात्काराच्या हेतूने होणाऱ्या हल्ल्यात तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत पोहोचतो. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याची व्याख्या अशी ऐसपैस आहे, की हल्ल्यासाठी वा बचावासाठी घडवलेली कोणतीही वस्तू तीत बसू शकते. घरगुती वा शेतीच्या कामाच्या काठीसारख्या वस्तू तिने वगळल्या आहेत. विजेची काठी कुठे बसते, याचा विचार १९५९ मध्ये कोणी का करावा?

मात्र मला अस्वस्थ करणारा प्रश्न तांत्रिक नाही. २००७ च्या त्या गाडीत पर्समध्ये स्टन गन असती तर? धावती गाडी, आत दोन पुरुष, आणि चालक रोजच्या ओळखीचा. हे शस्त्र अंधाऱ्या गल्लीतील एकट्या अनोळखी माणसासाठी कल्पिलेले आहे. या पट्ट्यातील ही दोन्ही प्रकरणे भरवशाच्या गाडीत घडली.

ही भूमी घडली पुरुषांच्या पाळ्यांवर. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्कोने अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे लिहिले, म्हणून सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडींना पोस्टकार्ड पाठवले आणि नोकरी मिळवली, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागचे वास्तव कमी ठाऊक असते. १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ६६ स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात ठेवण्यास मनाई करत होते. महाराष्ट्राने ती मनाई २०१५ मध्ये दुरुस्ती करून शिथिल केली, ती मालकाने सुरक्षिततेची आणि घरी पोहोचवण्याची व्यवस्था करावी या अटीवर. २००७ नंतर बीपीओंच्या गाड्यांनाही तसेच नियम लागू झाले: गाडीत स्त्री सर्वांत आधी चढू नये, सर्वांत शेवटी उतरू नये, आणि तशी वेळ आली तर सोबत रक्षक हवा. या अटी कंटाळवाण्या आहेत, त्यांच्यावर खर्च होतो, आणि त्यांची जाहिरात करता येत नाही. पर्समधली वीज स्वस्त आहे, आणि तिचे पैसे ती मुलगी स्वतः भरते.

पहिल्या प्रकरणातील दोघांना २०१२ मध्ये फाशी सुनावली गेली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१५ मध्ये कायम केली. मग अंमलबजावणीतील विलंबामुळे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती ३५ वर्षांच्या कैदेत बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. चाकणही त्याच्याच हद्दीत येते. कंत्राटी कामावरच्या बायका मात्र रात्री पाळी सुटल्यावर अजूनही तळेगाव-चाकण रस्त्याच्या कडेला, मिळेल त्या शेअर रिक्षाची वाट पाहत उभ्या दिसतात. कायम कामगारांची बस त्यांच्यासमोरून निघून जाते.