पोटगीचा आकडा आणि पोटगीचे दार

दिल्लीत नियुक्तीवर असताना मूल कडेवर घेतलेली एक स्त्री माझ्या कचेरीत आली. पोटगी मागायची कुठे, एवढेच तिला विचारायचे होते. तीन ठिकाणांहून ती परत फिरली होती.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ नुसार दंडाधिकारी पोटगी देववू शके, पण दरमहा कमाल ५० रुपये. १९२३ मध्ये ही मर्यादा १०० आणि १९५५ मध्ये ५०० झाली. १९७३ च्या संहितेत कलम १२५ आले; आकडा तोच राहिला! केंद्रीय कायद्यातून तो २००१ मध्ये गेला. शेहेचाळीस वर्षांतली महागाई कुणाला दिसली नसेल, असे मला वाटत नाही.

१९७३ ची एक सुधारणा मात्र मोलाची: पत्नी जिथे राहते तिथेही अर्ज करता येऊ लागला. पुढे १९८४ च्या कायद्याने, जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे हे काम दंडाधिकाऱ्याकडून काढून त्याच्याकडे दिले. दार बदलले; पाटी कुणी लावली नाही. (आता हे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे.)

मी तिला कुटुंब न्यायालयाचा पत्ता लिहून दिला.

"वकिलाचे पैसे?" तिने विचारले.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील दिला आहे. तेही चिठ्ठीवर लिहिले.