परभणीतला समुद्र

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. सगळं आहे म्हणे परभणीत. समुद्र तेवढा नाही. तो बघायचा तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते. २०२१ मध्ये वर्क फ्रॉम होममुळे मी घरीच होतो, आणि ही उणीव भरून काढायचं माझ्या डोक्यात आलं. शंभर लिटरची काचेची टाकी, समुद्री मिठाची बादली, पंप, हायड्रोमीटर आणि एक सी अॅनिमोन, म्हणजे समुद्रफूल. ('निमो' सिनेमातला तो मासा ज्याच्या झुपक्यात राहतो, तेच. दिसतं फुलासारखं, पण आहे प्राणी.) माझं पांढरंशुभ्र होतं. दुकानदार म्हणाला, रेअर पीस आहे.

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेलच. टाकीतलं पाणी रोज आटायचं. पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं, त्यामुळे खारटपणा वाढत जातो. म्हणून वरून भरायचं ते गोडं पाणी, खारं नाही. हे मला आठवडाभराने कळलं. आणि लाइट गेली की पंप बंद, पाण्यातला ऑक्सिजन कमी. एका दुपारी चार तास लाइट नव्हती. मी तांब्याने टाकीतलं पाणी काढून उंचावरून परत आत ओतत बसलो होतो. आई म्हणाली, "काय करायलास रे? ताक करायलास का?"

नंतर वाचताना कळलं की हा उद्योग पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका मोलकरणीने केलाय! अॅना थिन नावाच्या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं. ते हलू नये म्हणून सुईदोऱ्याने स्पंजला टाचून, बरणीत घालून. लंडनमध्ये समुद्राचं ताजं पाणी रोज मिळणार कुठून? मग घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. पंपाचं काम तिचे हात करत होते. इतिहासात थिनबाईंचं नाव राहिलं, तिचं नाही.

इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त होत होती. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अॅक्वेरियम' आलं आणि मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात समुद्र शिरला. गॉस यांनी कृत्रिम समुद्राची रेसिपीच दिली: साधारण साडेचार लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मीठ, सात ग्रॅम एप्सम सॉल्ट, थोडं मॅग्नेशियम क्लोराईड आणि चिमूटभर पोटॅशियम क्लोराईड. माझ्या बादलीतल्या महागड्या पावडरीचा हा पणजोबाच. पण हौसेपायी लोकांनी किनारेच्या किनारे ओरबाडले. डेव्हनच्या खडकांमधली ती जिवंत डबकी कशी उजाड झाली, याची हळहळ गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, १९०७ च्या 'फादर अँड सन'मध्ये व्यक्त केली आहे.

या सगळ्यात मला आवडलेली गोष्ट मात्र एका 'आजी'ची. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकला खडकावरून एक समुद्रफूल उचललं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. नाव पडलं 'ग्रॅनी'. पंप नाही, फिल्टर नाही, दिवा नाही. पाणी बदलायचं आणि अधूनमधून शिंपल्याचा तुकडा भरवायचा, एवढंच. १८५१ मध्ये डॅलिएल वारले, मग प्रा. फ्लेमिंग यांनी सांभाळलं. तेही गेले, मग डॉ. मॅकबेन यांनी. शेवटी बरणी एडिनबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये पोचली. १८५७ मध्ये आजीबाईंनी एका रात्रीत दोनशेच्या वर पिल्लं दिली! १८८७ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांची बरणीतली ५९ वर्षं झाली होती. आमच्या क्षेत्रात एखादी सिस्टिम टीममागून टीमकडे हँडओव्हर होत इतकी वर्षं चालली असती तर तिला मी नमस्कार केला असता.

माझं समुद्रफूल तेविसाव्या दिवशी मेलं. तोंड वासलेलं, अंग विरघळल्यासारखं, आणि पाण्याला असा वास की बाबांनी रात्रीच टाकी अंगणात नेऊन उपसली.

इतका फरक का? मी मीठ, पंप, तापमान सगळं तपासत बसलो. उत्तर रंगात होतं. ग्रॅनीची जात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, थंडी आणि कोरड दोन्ही सोसणारी. तिच्या अंगात शेवाळ नसतं, ती पोट भरते ते शिकारीवर. निमोवाली मोठी समुद्रफुलं उष्ण समुद्रातल्या प्रवाळ भागातली. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं. १८८०च्या दशकात कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला 'झूझॅन्थेला' हे नाव दिलं. ते उन्हात अन्न बनवतं आणि यजमानाला देतं. त्यांचा तपकिरी-हिरवट रंग बराचसा या शेवाळाचा. उष्णतेने किंवा हाल झाल्याने शेवाळ निघून गेलं की फूल पांढरं पडतं. म्हणजे मी कौतुकाने उचललेला तो 'रेअर पीस' दुकानातच उपाशी होता. त्यावर मी साध्या ट्यूबलाइटखाली त्याला ठेवलं होतं.

असो. आपल्याकडेही ग्रॅनीसारखी, खडकांवर राहणारी समुद्रफुलं आहेत. अरुण पारुळेकर यांनी १९६८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये खास मुंबईच्या समुद्रफुलांवर लेख लिहिला होता. तो वाचून गेल्या वर्षी ओहोटीला मी हाजी अलीच्या खडकांवर गेलो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिखल, आणि एका कपारीत बोटभर पाण्यात दोन समुद्रफुलं, दोन्ही मळकट तपकिरी. मी बोटाची सावली पाडली तर एकाने झुपका मिटून घेतला.

सोबतच्या मित्राने रिकामी बिसलेरीची बाटली पुढे केली. "नेतोस का परभणीला?"

मी नको म्हटलं. पाणी चढायला लागलं होतं, बूट हातात घेऊन आम्ही मागे फिरलो.