लेबलवर नसलेलं नाव

परभणीत जॅझ कधी आलं नाही, पण सॅक्सोफोन मात्र आला. तो आला वरातीच्या बँडमधून, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या बरोबरीनं. झालरीचा कोट घातलेल्या माणसाच्या गळ्यात तो पट्ट्यानं अडकवलेला असायचा, आणि त्यातून निघायचं रफीचं एखादं गाणं. दुसरी वाट रेडिओची. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. गावोगावच्या रेडिओचे काटे मग सिलोनकडे वळले. त्या खरखरीतून दोन कडव्यांच्या मध्ये एक जाड, ओलसर, माणसाच्या गळ्यासारखा आवाज यायचा आणि जायचा. निवेदक गायकाचं नाव सांगायचा, संगीतकाराचं सांगायचा, गीतकाराचंही सांगायचा. त्या मधल्या आवाजाचं नाव कुणी सांगत नसे.

मी सॅक्सोफोनच्या जुन्या तबकड्या जमवतो. या नादाला लागलेला माणूस लवकरच एक गोष्ट शिकतो. ती म्हणजे तबकडी ऐकण्याआधी वाचायची असते. जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ घ्या. १५ सप्टेंबर १९५७ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये, रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या ध्वनिमुद्रकानं आई-वडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ती मुद्रित केली. ब्लू नोट कंपनीची ही लाँग प्ले मूळ छपाईची आहे की नंतरची, हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. लेबलवर कंपनीचा कोणता पत्ता छापला आहे ते बघायचं. मग तबकडी तिरकी धरून, शेवटची खाच संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत कडी उरते, तिच्यावर व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ ही अक्षरं शोधायची. शेजारी कानाच्या आकाराची एक बारीक खूण दिसली तर ती तबकडी प्लास्टीलाइट कारखान्यात दाबलेली. असली मूळ प्रत मी आयुष्यात एकदाच हातात धरली आहे, तीही दुसऱ्याची. माझ्याकडे आहे ती पुष्कळ नंतरची.

पण मूळ असो की नंतरची, पाकिटाच्या मागच्या बाजूला सगळी माणसं आहेत. ट्रम्पेटवर ली मॉर्गन, ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर, पियानोवर केनी ड्रू, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर फिली जो जोन्स. परभणीत बसलेल्या मला सातासमुद्रापलीकडच्या त्या दिवाणखान्यात कोण कुठलं वाद्य घेऊन होतं, हे बिनचूक सांगता येतं.

आता दुसरी तबकडी घेऊ. ‘अलबेला’, १९५१. ही ७८ फेऱ्यांची, दहा इंची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. ही विनाइलची नाही, लाखेची. ज्या लाखेच्या बांगड्या होतात आणि जी स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार लाकडाला पॉलिश करतो, तीच लाख दगडाच्या भुकटीत मिसळून या तबकड्या बनत. म्हणून विनाइलला चालणारा स्पिरिटचा बोळा इथे चालत नाही. पुसायला जाल तर गाणंच पुसलं जाईल. हातातून निसटली तर कौलासारखी फुटते. विनाइलची भीती उलटी. ती फुटत नाही, पण परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत ती पापडासारखी वाकते. म्हणून माझ्या लाँग प्ले खालच्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात, ताठ उभ्या असतात.

‘अलबेला’चं लेबल वाचा. चित्रपटाचं नाव, लता मंगेशकर आणि चितळकर. संगीत, सी. रामचंद्र. चितळकर आणि सी. रामचंद्र हा एकच माणूस. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. एवढ्याशा गोल कागदावर एका माणसाचं नाव दोनदा आलं आहे आणि ज्यांच्या फुंकरीनं ते गाणं चालतं, त्या वादकांचं एकदाही नाही. गंमत अशी, की त्यांतले काहीजण पडद्यावर दिसतात. या चित्रपटातल्या एका गाण्यात भगवानदादांबरोबर चिक चॉकलेट आपल्या बँडसह हजर आहे. तोंडं दिसतात, वाद्यं दिसतात. नावं तबकडीवर उतरली नाहीत.

ही माणसं आली कुठून? १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन वादकांचे बँड वाजू लागले. लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड ही त्यांची म्होरकी मंडळी. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवलेला रूडी जॅक्सनही त्या काळात मुंबईत वाजवत होता. त्यांचं ऐकून, त्यांच्या शेजारी बसून इथली पिढी तयार झाली. त्यात कावसजी खटाऊ हा पारशी सॅक्सोफोनवादक होता. तो रूडी कॉटन या नावानं गाजला. बाकीचे बहुतेक गोव्याचे. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. कागदावर लिहिलेलं संगीत समोर ठेवलं की वाजवता येणारी माणसं मुंबईला हवी होती आणि ती गोव्यात होती. चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचा अँतोनियो शाविएर वाझ. मिकी कोरियाचा बँड १९३९पासून दोन दशकं ताजमध्ये होता.

पुढे १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या नाचाच्या रात्री रोडावल्या. त्याच सुमाराला सिनेमाचे वाद्यवृंद फुगत होते. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल असं ज्यांचं चाललं होतं, त्यांचा दिवस मोठा आणि रात्र लहान होत गेली. अनेक संगीतकारांना चाल सुचे, पण चाळीस वादकांसाठी ती कागदावर मांडता येत नसे. ते काम सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांनी केलं. वादकाला दिवसाची मजुरी मिळे. गाणं पुढे कितीही चालो, तबकडीशी त्याचा संबंध त्या दिवशी संध्याकाळी संपे.

लेबलवर जागा नव्हती, हे कारण मला पटत नाही. १९४९च्या ‘महल’मधलं लताबाईंचं गाजलेलं गाणं आठवा. त्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी हे पडद्यावरच्या मधुबालेच्या पात्राचं नाव. म्हणजे तेव्हा गायिकासुद्धा लेबलवर नव्हती! श्रोत्यांनी आवाज कुणाचा म्हणून विचारलं, गायकांनी नावाचा आग्रह धरला, आणि त्याच गोल कागदावर जागा निघाली. वादकांसाठी तेवढा आग्रह कुणी धरला नाही. आपणही विचारलं नाही.

मनोहारी सिंग हे त्यातल्या त्यात नशीबवान. ते मूळचे कलकत्त्याचे. १९५८ साली मुंबईत आले आणि पन्नास वर्षं इथेच वाजवत राहिले. ‘काश्मीर की कली’मधलं शम्मी कपूरचं नशेतलं गाणं, ‘गाइड’मधलं देव आनंद-वहिदाचं युगुलगीत, ‘आराधना’तलं पावसाळी रात्रीचं शेकोटीसमोरचं गाणं, या तिन्हींतला सॅक्सोफोन त्यांचा. वरातीत बँडवाला वाजवतो तो तुकडा पुष्कळदा मनोहारीदांचाच असतो, मधल्या हरकतीसकट. वाजवणाऱ्याला ते नाव ठाऊक असेलच असं नाही.

आणि एक तबकडी अशी आहे, जिच्यासाठी मी परभणी-मुंबई रेल्वेच्या चार फेऱ्या केल्या. १९६८ साली एचएमव्हीनं काढलेली शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’. तोडी, भैरव, मालकंसापासून भैरवीपर्यंत अकरा राग, सतारीवर रईस खान. शुद्ध जॅझवाले तिला जॅझ मानत नाहीत आणि रागदारीवाले कानावर हात ठेवतात. पण ती ऐकताना एक गोष्ट जाणवते. गाण्याच्या मधल्या बारा सेकंदांत बसायची सवय असलेल्या माणसाला इथे श्वास घ्यायला जागा मिळाली आहे. स्वर लावण्याआधी मनोहारीदांनी घेतलेला दमसुद्धा कुठे कुठे कानावर येतो. आणि पाकीट उलटं केलं की नावं आहेत: सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, पियानो लुसिला पाशेको, ड्रम्स लेस्ली गोदिन्हो, तबला रमाकांत. पहिल्यांदा ते पाकीट हातात आलं तेव्हा मी तबकडी लावायच्या आधी ती यादी दोनदा वाचली.

अलीकडे ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ आणि नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकांनी बरीच नावं परत मिळवली. पण पुस्तक कपाटात एका बाजूला राहतं आणि तबकडी दुसऱ्या बाजूला. म्हणून मी एक साधं काम करतो. सॅक्सोफोन कुणाचा आहे याची खात्री पटली, की चिठ्ठीवर नाव लिहून ती पाकिटात सरकवतो. खात्री नसेल तर ‘सॅक्सोफोन’ एवढंच लिहून पुढची जागा मोकळी ठेवतो. माझ्यानंतर या तबकड्या भंगारात जातील किंवा कुणा शौकिनाकडे. त्यानं पाकीट उघडलं, तर इथे एक माणूस होता एवढं तरी त्याला कळावं.

माझ्याकडे मोकळ्या जागेच्या चिठ्ठ्या अजून जास्त आहेत.