निशाण

फारसीत ‘निशान’ म्हणजे खूण. मराठीत आल्यावर शेवटच्या ‘न’चा ‘ण’ झाला आणि अर्थाला फाटे फुटले. काठीवर चढलं ते निशाण, कागदावर अंगठा उमटला ती निशाणी, नेम धरून मारायचा तो निशाणा. पण सैनिकाच्या टोपीवरचा बिल्ला पाहिला की मूळ अर्थ, खूण, पुन्हा वर येतो.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हात बिगुल आहे. लाइट इन्फंट्री म्हणजे रांग मोडून, विखरून लढणारं चपळ पायदळ. पांगलेल्या शिपायांपर्यंत हुकूम पोचायचा तो बिगुलाच्या सुरांतून. म्हणून त्यांच्या बिल्ल्यातला बिगुल हा लढण्याच्या रीतीचा दाखला आहे.

महार रेजिमेंटची गोष्ट मला अधिक भिडते. 1941 साली बेळगावात ही रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तीही महारांची सैन्यभरती बंद झाल्यानंतर कित्येक वर्षांनी. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता, 1 जानेवारी 1818 च्या लढाईची आठवण देणारा. 1946 मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन ही तिची ओळख ठरली. पुढे स्तंभ काढून त्या जागी खंजीर आला. खंजीर कुठल्याही पलटणीला शोभला असता. स्तंभावर मात्र पूर्वजांची नावं कोरलेली होती, आणि शिपाई तो कपाळावर मिरवत होता.