पायलट कोणाला होता येतं? बदलत गेलेल्या अटींची गोष्ट

आमच्या हिंगणीहून नागपूरचं विमानतळ काही फार लांब नाही. पण कॉकपिटपर्यंतचं अंतर? ते किलोमीटरमध्ये मोजताच येत नाही. ते मोजायचं असतं अटींमध्ये. आणि गंमत म्हणजे या अटी दर पिढीत बदलल्यात.

सुरुवात १९२९ पासून करू. १० फेब्रुवारीला जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं. तेव्हा मुंबईत फ्लाइंग क्लब होता, पण उडायला शिकायचं तर खिसा भरलेला हवा. १५ ऑक्टोबर १९३२ ला याच टाटांनी कराचीहून टपाल घेऊन एक छोटं पस मॉथ विमान जुहूला उतरवलं. विमानात रेडिओसुद्धा नव्हता. म्हणजे पायलटची खरी परीक्षा त्याचे हात आणि डोळे.

मग महायुद्ध झालं. ते संपल्यावर लष्कराची डकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली, नव्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि युद्धात तयार झालेले पायलट त्यांना आयते मिळाले. यात आपलं नागपूर येतं बरं का! जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत निघायची. आता अंधारात, फक्त उपकरणांवर विश्वास ठेवून उडवता येणं गरजेचं झालं.

एक अट मात्र कुठेच लिहिलेली नव्हती: पायलट पुरुष हवा. प्रेम माथुर यांच्याकडे लायसन्स होतं, तरी एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. शेवटी १९४७ मध्ये हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं त्यांना घेतलं. पुढे १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता-सिल्चर मार्गावर फक्त महिला क्रू असलेल्या फॉकर विमानाचं नेतृत्व केलं. आज भारतात महिला पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

काही अटी अपघातांनी आणल्या. १९९६ मध्ये चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. कॉकपिटमधली इंग्रजी किती कच्ची होती, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजीची ठरावीक पातळी लागते.

आणि आता आपल्या गावातल्या पोरापोरींशी थेट संबंध असलेली अट. आधी दहावी पास चालायचं. १९९० च्या दशकात बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचं झालं. म्हणजे सोळाव्या वर्षी आर्ट्स किंवा कॉमर्स घेतलं की दार बंद, नाहीतर ते दोन विषय पुन्हा बाहेरून द्या. २०२५ मध्ये ही अट काढायचा प्रस्ताव पुढे आला.

पण अट निघाली तरी २०० तासांचं उड्डाण आहेच, आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात. गोंदियाला, बिरसीच्या धावपट्टीवर, ट्रेनिंग अकॅडमी आहे, विदर्भातच! पण तिथवर पोचायला एखाद्या शेतकऱ्याच्या घरात काय विकावं लागेल, याचा विचार करा. १९२९ ची पैशाची अट अजून तशीच आहे, बाकीच्या फक्त येत-जात राहिल्या. म्हणून नियमांइतकीच चर्चा शिष्यवृत्ती आणि कर्जाची व्हायला हवी.

तुमच्या ओळखीत कोणी बारावीत असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!