पालवीची तिथि

"यंदा पालवी लवकर फुटली" हें वाक्य अलीकडे दर फाल्गुनांत कानीं पडूं लागलें आहे. बोईसरनजीकच्या बेटेगांवासारख्या गांवीं उन्हें लवकर तापलीं कीं पिंपळाच्या तांबूस पानांकडे, कुसुंबाच्या लाल पालवीकडे किंवा पळसाच्या बहराकडे बोट दाखवून जाणतीं माणसें तें उच्चारतात, आणि शिकलेलीं माणसें त्यास हवामानबदल असें नांव देऊन मोकळीं होतात. वाक्य साधें आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्यांतील एका शब्दापाशीं थांबावें लागतें. तो शब्द म्हणजे 'लवकर'. लवकर म्हणजे कशापेक्षां लवकर? गेल्या वर्षापेक्षां, आजोबांच्या काळापेक्षां, कीं पंचांगांतील एखाद्या तिथीपेक्षां? हा प्रश्न विचारल्यावांचून त्या वाक्यास पुराव्याची योग्यता येत नाहीं.

पालघर जिल्ह्याच्या या पट्ट्यांत सदर प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. मोहाचीं फुलें पहांटे गळतात, तेव्हां तीं वेंचावयास माणूस रानांत हजर असावें लागतें. भाताच्या रोपांसाठीं राब भाजावयाचा, तर डहाळ्या व पालापाचोळा त्यापूर्वीं वाळून तयार पाहिजे. आंब्याच्या मोहोरावर आणि डहाणू-घोलवडकडील चिकूच्या बहरावर कित्येक घरांचा वर्षाचा हिशेब बसतो. ज्यांचीं कामें झाडाच्या वेळेशीं बांधलेलीं आहेत, त्यांस पंधरा दिवसांचा फरक म्हणजे कधीं कधीं हातचा हंगाम जाणें होय. म्हणूनच या वाक्याची शहानिशा झाली पाहिजे.

आपल्याकडे झाडांचा काळ मोजण्याचें पहिलें माप म्हणजे सण. पळस होळीला फुलतो, चैत्रपालवी पाडव्याला दिसते, असें आपण म्हणतों. डहाणूजवळच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्रांत भरते आणि त्या दिवसांतील रानाचें रूप यात्रेशीं जोडून लोकांच्या स्मरणांत राहतें. परंतु हें माप स्वतःच स्थिर नाहीं. २०२३ सालचा गुढीपाडवा २२ मार्चचा, २०२४ चा ९ एप्रिलचा, २०२५ चा ३० मार्चचा आणि २०२६ चा १९ मार्चचा. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असतें आणि अधिक मास येऊन ती तूट भरून काढतो. त्यामुळें सण असे मागें-पुढें होतात. समजा, एखादा कुसुंब या चारही वर्षीं नेमका २० मार्चला पालवला. तर २०२४ सालीं तो पाडव्याच्या वीस दिवस आधीं पालवला असें दिसेल, आणि २०२६ च्या हिशेबानें पाडवा उलटून गेल्यावर. झाडानें आपला दिवस मुळींच सोडलेला नाहीं. हललें तें माप.

हें झालें वर्षावर्षांचें सरकणें. याहून सावकाश आणि म्हणूनच अधिक फसवें असें दुसरें सरकणें आपल्या पंचांगांत आहे. नक्षत्रांच्या संदर्भानें मोजलेलें निरयन वर्ष ऋतूंच्या सायन वर्षाहून सुमारें वीस मिनिटांनीं मोठें आहे; त्यामुळें सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस या प्रमाणानें आपल्या संक्रांती ऋतूंच्या पुढें जात राहतात. हें आपल्या पूर्वजांच्या लक्षांत आलें नव्हतें असें नाहीं. दक्षिणायनाचा आरंभ जुन्या शास्त्रांत आश्लेषांच्या मध्यापासून सांगितला आहे, पण आपल्या काळीं तो कर्काच्या आरंभीं होतो, असें सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत नमूद केलें आहे. आणि शंका असेल त्यानें प्रत्यक्ष वेध घेऊन पाहावें, असा त्याचा अभिप्राय आहे.

वाचकांच्या परिचयाचें उदाहरण घ्यावयाचें तर स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज तीच संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. तो संक्रांतीच्या दिवशीं झाला असें पुष्कळदां सांगितलें जातें. परंतु गणित करून मागें गेल्यास त्या वर्षींची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. आजच्या पंचांगाची संवय आपण नकळत अठराव्या शतकावर लादतों, ती अशी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांत या विषयावर जो वाद माजला, त्याची आठवण येथें करणें अवश्य आहे. केरोपंत छत्रे यांनीं आकाशांतील वेधांशीं जुळणारें पंचांग काढण्याचा उद्योग केला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे सायन पक्षाचे पुरस्कर्ते झाले. दीक्षितांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथांत या साऱ्या प्रश्नाचा इतिहास मांडला, आणि तो ग्रंथ आजही मराठी विद्वत्तेचा मानबिंदु आहे. लोकमान्य टिळकांनीं १८९३ च्या 'ओरायन'मध्यें वसंतसंपाताच्या याच चलनावरून वेदकाळ ठरविण्याचा प्रयत्न केला. सायनवाद्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, चैत्र हा वसंताचा महिना असेल तर तो वसंताशीं बांधलेला असावा. नाहीं तर कांहीं हजार वर्षांनीं वसंताचे सण आपण पावसांत साजरे करूं. पुढें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जें राष्ट्रीय पंचांग सुरू झालें, त्यांत चैत्राचा पहिला दिवस वसंतसंपाताशीं जोडण्यांत आला. सरकारी कागदावर तो पक्ष जिंकला. देवघरांतील पंचांग मात्र बहुतेक घरीं पूर्वीचेंच राहिलें.

या वादांत एक गोष्ट दोन्ही पक्षांनीं गृहीत धरली होती, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची आहे. ऋतु आपल्या जागीं स्थिर आहेत, चूक झाली असेल तर ती पंचांगाची, असें सर्वांस वाटत होतें. झाड हा साक्षीदार आणि पंचांग हा आरोपी. आज आपण ज्या काळांत आहों त्यांत साक्षीदारच जागा बदलूं लागला आहे कीं काय, अशी शंका आहे. आणि साक्षीदाराची पूर्वींची जबानी लिहून ठेवलेली नसेल, तर त्यानें जबानी बदलली हें सिद्ध कसें करणार?

इतर देशांत ती लिहिलेली सांपडते. जपानांतील क्योतो नगरींत चेरीचा बहर पाहण्यासाठीं दरबारी मंडळी व भिक्षु जमत आणि त्या मेजवान्यांची नोंद रोजनिशींत होई. त्या नोंदी जुळवून संशोधकांनीं इ. स. ८१२ पर्यंत मागें जाणारी यादी तयार केली आहे. २०२१ सालीं तेथें पूर्ण बहर २६ मार्चला आला. तोपर्यंतच्या बाराशें वर्षांच्या यादींत याहून लवकरचा दिवस नव्हता. १४०९ सालचा २७ मार्च हा त्यापूर्वींच्या सर्वांत लवकरच्या दिवसांपैकीं एक होता. हें लिहिणारांच्या मनांत शास्त्र नव्हतें, उत्सव होता. पण तारीख घालण्याची शिस्त होती.

इंग्लंडांत नॉर्फकच्या रॉबर्ट मार्शम नांवाच्या जमीनदारानें १७३६ सालापासून ओक केव्हां पालवला, कोकिळा केव्हां ऐकूं आली, अशा नोंदी सुरू केल्या. त्याच्या मरणानंतर घराण्यांतील पुढच्या पिढ्यांनीं त्या १९५८ पर्यंत चालविल्या. अमेरिकेंत थोरोनें १८५० नंतरच्या दशकांत काँकॉर्ड गांवाच्या फुलांच्या तारखा लिहिल्या. दीडशें वर्षांनीं त्याच गांवीं पुन्हां पाहणी झाली, तेव्हां पुष्कळ फुलें सरासरीनें आठवडाभर किंवा त्याहून अधिक लवकर येत असल्याचें आढळलें.

मार्शम आपली वही लिहूं लागला तें दशक आमच्या या किनाऱ्याच्या इतिहासांतही गाजलेलें आहे. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला घेतला आणि मे महिन्यांत वसई घेतली. त्या मोहिमेचीं पत्रें आपल्याजवळ आहेत. रियासतकार सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांनीं अशा कागदांचा मोठा ठेवा अभ्यासकांपुढें ठेवला. मोर्चे कोठें बसले, सुरुंग केव्हां उडाले, कोण पडले, हें त्या पत्रांवरून दिवसवार कळतें. म्हणजे आमच्या लोकांस तारीख घालण्याची शिस्त नव्हती असें मुळींच नाहीं. ती शिस्त तरवारीस, वसुलीस आणि धर्मकृत्यांस लागली. झाडास लागली नाहीं.

उष्णतेची गोष्ट निराळी. भारतीय हवामान खातें १८७५ पासून चालू आहे आणि १९०१ पासूनच्या देशाच्या सरासऱ्या एकमेकींशीं ताडून पाहतां येतात. मार्च २०२२ मध्यें देशाचें सरासरी कमाल तपमान ३३.१ अंश भरलें. १९०१ पासून इतका तापलेला मार्च झालेला नव्हता. फेब्रुवारी २०२३ चें सरासरी कमाल तपमान त्या महिन्यापुरतें तोंवरचें सर्वांत अधिक ठरलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें दिवसरात्र मिळून सरासरी तपमानानें पूर्वींचे सर्व फेब्रुवारी मागें टाकले, आणि महिनाअखेर मुंबई-ठाणें भागास उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. वसंत तापला आहे याबद्दल म्हणूनच शंका उरत नाहीं.

पण वसंत तापला म्हणजे पालवी लवकर येणारच, असें अनुमान काढण्याची घाई करूं नये. ओक व चेरी थंड प्रदेशांतील. त्यांची वाट मुख्यतः थंडीनें अडविलेली असते आणि ऊब आली कीं ती मोकळी होते. आमच्या पानझडी रानांची रीत वेगळी आहे. कुसुंब फाल्गुन-चैत्रांत लालबुंद होतो; पळस आधीं फुलतो व मागाहून पानें धरतो; साग पाऊस तोंडावर येईपर्यंत बहुधा उघडाच राहतो. भर उन्हाळ्यांत, पावसाचा थेंब नसतां, इतकीं झाडें हिरवीं होतात कशीं, हें कोडें शास्त्रज्ञांनीं बरेंचसें उलगडलें आहे. पानें झडलीं कीं झाडांतून वाफ होऊन जाणारें पाणी थांबतें, मुळें खोल जमिनींतील ओल वर घेतात, खोड पुन्हां भरतें आणि कळ्या फुटतात. कित्येक जातींस याची इशारत वाढत्या दिवसमानाकडून मिळते, असें संशोधनावरून दिसतें. आणि दिवसमान तर उष्णतेनें बदलत नाहीं. इतर जाती अवकाळी पावसाच्या एका सरीनेंही जाग्या होतात. म्हणून पिंपळ लवकर पालवला तर त्याचें कारण ऊन, ओल कीं दोन्ही, हें जातीजातीप्रमाणें तपासावें लागेल.

स्थळाचाही विचार पाहिजे. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, आणि बोईसरभोंवतीं कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. रस्त्याकडेचें, सिमेंटच्या उबेंत वाढणारें झाड आणि मनोरपलीकडच्या अशेरीगडाच्या उतारावरील झाड, या दोघांची साक्ष एकच समजून चालणार नाहीं.

मग आमच्याजवळ जुना पुरावा कांहींच नाहीं काय? थोडा आहे, पण तो विखुरलेला आहे. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत रानांतील झाडांची माहिती आहे. थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत जातीजातींचे फुलण्याचे महिने दिले आहेत. मुंबईच्या सेंट झेव्हियर कॉलेजांत फादर ब्लॅटर यांच्या नांवानें चालणाऱ्या संग्रहांत वाळवून कागदावर चिकटविलेलीं रोपें आहेत. अशा संग्रहांतील कागदावर ठिकाण व तारीख घालण्याचा प्रघात असतो; असा एकेक कागद म्हणजे एकेका दिवसाची पावतीच होय. त्यांवरून फुलांचा कांहीं इतिहास मिळेल. पण पालवीचा फार थोडा, कारण संग्राहकाचें लक्ष फुलाफळाकडे असतें.

सरकारी दप्तराचा रोंख निराळा. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यास मुंबई सरकारनें १८८५ सालीं कमिशन नेमलें. राबासाठीं कोणी किती फांद्या तोडाव्या, हा त्या तक्रारींतील एक मोठा विषय. फांदी सरकारची कीं रयतेची, हें ठरविण्यासाठीं कागद खर्ची पडले. त्या फांदीस पान केव्हां येतें, हें मात्र ती तोडणाऱ्या वारली, कातकरी व कुणबी कुटुंबांस ठाऊक होतें, आणि तें त्यांच्या तोंडींच राहिलें. जें ज्ञान सर्वांत नेमकें होतें त्यालाच दप्तरांत जागा मिळाली नाहीं, ही या इतिहासांतील खरी उणीव होय.

ती उणीव मागें जाऊन भरतां येणार नाहीं. पण पुढें चालूं न देणें आपल्या हातीं आहे. 'सीझनवॉच' या उपक्रमांत केरळांतील अनेक शाळांचीं मुलें एकेक झाड निवडून त्याचीं पानें, फुलें व फळें दर आठवड्यास नोंदवितात. बेटेगांवच्या शाळेस किंवा बोईसर-पालघरकडील एखाद्या कॉलेजास हें अवघड नाहीं. त्याला उपकरण लागत नाहीं आणि अनुदानही लागत नाहीं. एक कुसुंब, एक पळस, एक मोह ठरवावा. पहिलें पान, पहिलें फूल यांचा दिवस लिहावा. तारीख इंग्रजी घालावी, म्हणजे अधिक मासाचा घोटाळा होणार नाहीं. शेजारीं तिथीही घालावी, म्हणजे घरांतील वडील माणसांस ती वही आपली वाटेल आणि तींही आपल्या आठवणी तींत घालतील. मार्शमच्या घराण्यानें दोनशेंहून अधिक वर्षें एवढेंच केलें.

अशी वही वीस-पंचवीस वर्षें चालली, तर "यंदा पालवी लवकर फुटली" असें म्हणणाऱ्यास "किती दिवसांनीं?" असें विचारतां येईल, आणि त्याला उत्तरही देतां येईल. तोंवर तें वाक्य खरें असण्याचा संभव पुष्कळ आहे. परंतु इतिहासास संभव पुरत नाहीं, त्याला तारीख लागते.